ओयांतायतांबो: माचूपिचूच्या वाटेवर थांबावं असं गाव

पेरूत माचूपिचूला, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या प्राचीन नगरीला, जाणारी बहुतेक मंडळी ओयांतायतांबो स्टेशनवरून गाडी पकडतात, आणि गावाशी त्यांचा संबंध तेवढाच येतो. टूरची बस ऐन उन्हात गावातल्या इंकांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी लागते, गाइड तासाभरात पायऱ्या चढवून-उतरवून आणतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून सगळ्यांना स्टेशनकडे पिटाळतो. माझं ऐकाल तर कुस्को शहरातल्या एक-दोन रात्री कमी करा आणि त्या इथे द्या. तीन रात्री मिळाल्या तर उत्तम, दोन तरी हव्यातच.

हे केवळ हौसेपोटी सांगत नाही, त्यामागे उंचीचं गणित आहे. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटरवर आहे, ओयांतायतांबो 2,800 च्या आसपास. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. राजधानी लिमाहून विमानाने सव्वा तासात थेट 3,400 वर उतरलं की डोकं ठणकतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना हे होतं. म्हणून क्रम उलटा लावावा: विमानतळावरून तडक ओयांता (तिथले लोक गावाला एवढंच म्हणतात), तिथून माचूपिचू, जे 2,430 मीटरवर आहे, आणि शरीर रुळल्यावर शेवटी कुस्को.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा, किंवा त्या देशांतला कायम वास्तव्याचा परवाना असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. मुंबईहून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकामार्गे जावं लागतं आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो.

पिवळ्या तापाची लस हा मुद्दा बरेच जण विसरतात. कुस्कोच्या डोंगराळ भागासाठी ती आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक मानली जात नाही, पण भारत सरकार पेरूला पिवळ्या तापाच्या देशांत धरतं. परत येताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. दिवसा ऊन चटके देतं आणि सूर्य डोंगराआड गेला की पंधरा मिनिटांत स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. दरी हिरवीगार होते, गर्दी ओसरते, पण दरडी कोसळतात. जानेवारी 2010 मध्ये पुराने रेल्वेमार्ग तुटला आणि माचूपिचूच्या पायथ्याशी अडकलेल्या हजारो लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट किंवा मे. शेतं अजून हिरवी असतात आणि आकाश मोकळं झालेलं असतं.

चलन आहे सोल. एक सोल म्हणजे ढोबळ हिशेबाने पंचवीस रुपये धरा. गावात एटीएम आहेत, पण मोजकीच, आणि परदेशी कार्डावर दर वेळी शुल्क बसतं. रोख कुस्कोतूनच घेऊन या आणि 10-20 च्या नोटा मागून घ्या. 200 ची नोट पुढे केली की बाजारातली मावशी नुसती मान हलवते. कोपरा फाटलेली नोटही कोणी घेत नाही, तेव्हा सुटे घेतानाच उलटून-पालटून बघा.

कुस्कोहून गावापर्यंत

विमानतळाबाहेर टॅक्सीवाले गराडा घालतील. तिथे टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवायचं. दोन पर्याय आहेत. सामान जास्त असेल, बरोबर वयस्कर माणसं असतील तर थेट ओयांतापर्यंत टॅक्सी करा. साधारण 100 ते 150 सोल पडतात. नाहीतर टॅक्सीने पाविटोस नावाच्या रस्त्यावर जायचं. तिथून कोलेक्तिवो सुटतात, म्हणजे आपल्याकडची वडाप, फक्त गाडी मिनीव्हॅन. ड्रायव्हर ‘ओयांता, ओयांता, ओयांता’ असा पुकारा करत असतात, चुकण्याचा प्रश्नच नाही. गाडी भरली की निघते. सीटमागे 15 सोलच्या आसपास, पावणेदोन-दोन तास.

खिडकीची जागा मिळवा. गाडी आधी चढते, चिंचेरोच्या पठारावर 3,700 मीटरच्या वर जाते आणि मग वळणावळणांनी उरुबांबा नदीच्या दरीत उतरते. पठारावर बर्फाच्या शिखरांची रांग दिसते. डोकं जड झालं तर घाबरू नका, अर्ध्या-पाऊण तासात आपण पुन्हा खाली असतो. गाडी लागणाऱ्यांनी मात्र उतारावर मोबाइलमध्ये डोकं घालू नये.

मध्येच कुठे उतरायचं असेल तर मोठ्याने ‘बाखा!’ म्हणायचं. संकोचून पुटपुटलात तर पुढच्या गावी पोचाल.

गावातली रिक्षा

गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी होतं. स्टेशन चौकापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, जाताना उतार, येताना चढ. बॅगा असतील तर मोतोताक्सी घ्या, दोन-तीन सोल. तीन चाकं, मागे प्रवाशांची सीट, वर ताडपत्रीचं छत, त्यावर स्टिकरांची आरास. पेरूभर यातल्या कितीतरी रिक्षा आकुर्डीच्या बजाजच्या असतात आणि तिकडे त्यांचं नाव तोरीतो, म्हणजे गोऱ्हा. ‘ही आमच्या गावची गाडी’ असं ड्रायव्हरला सांगून बघा. भाडं कमी होणार नाही, गप्पा मात्र नक्की होतील. बैल तिथे छपरावरही दिसतील: घराच्या आढ्यावर मातीच्या दोन बैलांची जोडी आणि मध्ये क्रूस, घराला बरकत यावी म्हणून.

किल्ल्याकडचा रस्ता दगडी फरसबंदीचा आणि अरुंद आहे. सकाळी दहानंतर त्यात टूरच्या मोठाल्या बसगाड्या समोरासमोर अडकतात. त्या वेळात वाहनात बसण्यापेक्षा चाललेलं बरं.

पहिला दिवस: काही करू नका

उंचीवरच्या पहिल्या दिवशी चढायचं नाही, पोटभर जेवायचं नाही, दारू नाही, पाणी भरपूर. मुन्याचा काढा मागवा. पुदिन्याच्या जवळची ही डोंगरी वनस्पती, पोटाला हलकी. कोकाच्या पानांचा चहाही सगळीकडे मिळतो.

या दिवसाला जुनं गाव अगदी योग्य. चौकाच्या उत्तरेला इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या इथल्या राज्यकर्त्यांनी, पंधराव्या शतकात आखलेल्या गल्ल्या जशाच्या तशा आहेत आणि त्यात लोक राहतात. पाडून नवं बांधलं, मग पर्यटकांसाठी पुन्हा जुनं केलं, असला प्रकार नाही. प्रत्येक गल्लीच्या कडेने दगडी पाट वाहतो, रात्री खोलीत त्याचा आवाज येतो. भिंतीचा खालचा भाग इंकांच्या घडीव दगडांचा, वरचा कच्च्या विटांचा. दारं नीट पाहा. खाली रुंद, वर निमुळती, आणि काहींना चौकटीच्या आत दुसरी चौकट. अशा दारातून आत गेलं की एका सामाईक अंगणाभोवती घरं असतात. या वाड्याला कांचा म्हणतात. काही घरांच्या दारावर आत यायचं निमंत्रण लिहिलेलं असतं. जमिनीवर गवत पसरून त्यावर गिनीपिग बागडत असतात आणि कोनाड्यात पूर्वजांच्या कवट्या ठेवलेल्या असतात. बाहेर पडताना पेटीत दोन-चार सोल टाका. निमंत्रण नसलेल्या दारातून डोकावू नये, ती लोकांची घरं आहेत.

किल्ला आणि समोरचा डोंगर

किल्ल्याचं वेगळं तिकीट मिळत नाही. कुस्को परिसराचं एकत्रित तिकीट घ्यावं लागतं. सगळ्या 16 ठिकाणांचं, दहा दिवस चालणारं तिकीट 130 सोल. फक्त या दरीतल्या चार ठिकाणांचं, म्हणजे ओयांतायतांबो, पिसाक, मोराय आणि चिंचेरोचं, दोन दिवसांचं तिकीट 70 सोल. दोन दिवसांत या चारांपलीकडे काही बघायचं नसेल तर छोटं तिकीट पुरतं. रोख पैसे जवळ ठेवा.

सकाळी सातला, दार उघडताच आत जा. दहापर्यंत गर्दी नसते आणि दुपारनंतर दरीत असा वारा सुटतो की टोपी धरून चालावं लागतं. पायऱ्या चढून वर गेलं की अर्धवट राहिलेलं सूर्यमंदिर लागतं. गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. मोठ्या शिळांचं वजन 50 टनांच्या घरात सांगतात. दोन शिळांच्या मध्ये दगडाची अरुंद पट्टी आहे, ती जवळून बघा. सांध्यात नखही शिरत नाही. एका शिळेवर पायऱ्यांच्या आकाराची नक्षी पुसट दिसते. हे दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणले, म्हणजे एका डोंगरावरून उतरवून, नदी ओलांडून, दुसऱ्या डोंगरावर चढवले. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून शेतांत पडून आहेत. लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात.

पाचाकुती राजाने वसवलेल्या या जागेवर 1537 मध्ये इंका राजा मांकोने एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला मागे रेटलं. वरून बाण आणि दगडांचा मारा चालू असताना त्याने नदीचं पाणी पाटांतून खालच्या मैदानात सोडलं आणि घोडे चिखलात रुतले. वर उभं राहून खाली पाहिलं की हा डाव नकाशाविना कळतो. मांको पुढे इथून मागे हटून विल्काबांबाच्या जंगलात गेला, पण इथे तो जिंकला होता.

किल्ल्यासमोरच्या पिंकुइयुना डोंगरावर इंकांची धान्यकोठारं आहेत, तिथे जायला पैसे लागत नाहीत. जुन्या गावातल्या लारी गल्लीतून पायऱ्या सुरू होतात. चढ उभा, कठडे नाहीत, वाट जागोजागी निसरडी. गुडघे कुरकुरत असतील किंवा उंचीची भीती असेल तर जाऊ नका, पाऊस पडून गेल्यावर तर मुळीच नको. बाकीच्यांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी जावं. अर्ध्या-पाऊण तासात वर पोचता. अख्खा किल्ला आणि गल्ल्यांची चौकडी समोर दिसते. कोठारं एवढ्या उंचावर का, याचं उत्तर तिथला वारा देतो: धान्य थंड आणि कोरडं राहायचं.

खायचं काय

चौकातल्या पिझ्झाच्या पाट्यांकडे पाठ फिरवा आणि चौकालगतच्या मंडईत शिरा. सकाळी तिथे फळांचे रस, पावात पालता (अ‍ॅव्होकॅडो) किंवा अंडं, आणि वाफाळती पेयं मिळतात. दुपारी बारा ते तीन ‘मेनू’ची वेळ. खडूने लिहिलेल्या फळ्यावर दोन-तीन पदार्थ, त्यातला एक निवडायचा. आधी वाडगाभर सूप, मग भात-बटाट्याबरोबर मुख्य पदार्थ, आणि ग्लासभर जांभळ्या मक्याचं गोड सरबत. हे सगळं 10 ते 15 सोलमध्ये. बाकावर सरकून जागा करायची आणि शेजाऱ्याला ‘प्रोवेचो’, म्हणजे सावकाश जेवा, म्हणायचं. तिथली ती रीतच आहे.

टेबलावर हिरव्या चटणीची वाटी असते, उचुकुता. रोकोतो नावाची जाड सालीची, काळ्या बियांची मिरची, वाकाताय हा उग्र वासाचा पाला, बहुतेकदा शेंगदाणे किंवा चीज. घरी ती बातानवर वाटतात: खाली सपाट दगड, वर अर्धचंद्राकृती जड दगड. बाई दोन्ही हातांनी तो पाळण्यासारखा डोलवते आणि चटणी वाटली जाते. आपल्या जिभेला पेरूचं बरंचसं जेवण मिळमिळीत वाटतं, ती तक्रार या वाटीपाशी संपते. पहिला घास मात्र जपून घ्या. रोकोतो दिसायला ढोबळी मिरचीसारखी, पण चांगलीच तिखट.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, म्हटलंत तर कोंबडी येऊ शकते, कारण बोलण्यात कार्ने म्हणजे बहुधा गाईबैलाचं मांस. पूर्ण वाक्य म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासा नको. भाज्यांचं सूपही अनेकदा हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, त्याबाबत वेगळं विचारावं लागतं. निर्धोक पदार्थ पुष्कळ आहेत: उकडलेला मका आणि चीज, भाज्या घातलेलं ऑम्लेट, पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आणि चीजची सोल्तेरितो कोशिंबीर, चीज-मिरचीच्या पिवळ्या रस्स्यातले बटाटे. मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्यांनी ‘रेस’, म्हणजे गाईबैलाचं मांस, हा शब्द लक्षात ठेवावा. लोमो साल्तादो गोमांसाचं असतं, आणि संध्याकाळी कोळशावर घमघमणारे आंतिकुचो म्हणजे बैलाच्या हृदयाचे तुकडे. त्रूचा, म्हणजे ट्राउट मासा, तळून भाताबरोबर मिळतो आणि कोकणातल्या माणसालाही चालेल असा असतो. कुई म्हणजे अख्खा भाजलेला गिनीपिग, सणासुदीचा मानाचा पदार्थ. महाग, हाडं फार, मांस थोडं. घ्यायचाच तर चौघांत एक.

मक्यासाठी मात्र वेगळी जागा पोटात ठेवा. या दरीतला पांढरा मका जगात दुसरीकडे असा होत नाही म्हणतात. दाणा अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा, चव पिठूळ, गोडवा अगदी कमी. स्टँडजवळ बायका कापडात गुंडाळलेली पातेली घेऊन बसतात. कणीस हातात, त्यावर खारट ताज्या चीजची जाड चकती, एक दाणा सोलून खायचा आणि वर चीजचा तुकडा. कणीस थेट दातांनी कुरतडलं की परका माणूस ओळखू येतो.

उपवास करणाऱ्यांची तर चैन आहे. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. रताळी, शेंगदाणे, मिरची हेही अमेरिका खंडांतूनच जगभर गेलं. बाजारात किविचाच्या वड्या मिळतात, लाह्या पाकात थापलेल्या. किविचा म्हणजे राजगिऱ्याचीच एक जात. पिशवीत दोन-चार टाकून ठेवा, चढावर उपयोगी पडतात. आगुआयमांतो नावाने जी पिवळी फळं दिसतील ती आपली रसभरी.

काठीला लाल पिशवी किंवा फुलं बांधून घराबाहेर लावलेली दिसली की आत चिचा मिळते, मोड आणलेल्या मक्याची आंबट दारू. ग्लास लोट्याएवढा असतो. पहिले थेंब जमिनीवर सांडायचे, ते धरणीमातेचे. चव ताकाच्या जवळची, चढते हळूच. पोट नाजूक असेल तर घोटभर चाखून थांबा, पाण्याची खात्री नसते.

एका दिवसाच्या फेऱ्या

मारासची मिठागरं आणि मोरायच्या गोल पायऱ्यांची शेती टूरशिवाय सहज होते. मंडईजवळून उरुबांबा गावाची कॉम्बी (प्रवासी व्हॅन) पकडा, अर्धा तास. तिथल्या स्टँडवर चिंचेरोमार्गे कुस्कोला जाणारी गाडी बदला आणि मारास फाट्यावर ‘बाखा!’ करा. फाट्यावर टॅक्सी उभ्या असतात. मोराय आणि मिठागरं दोन्ही, थांबण्याचा वेळ धरून, असं भाडं एकदाच ठरवा. डोंगरातल्या खारट झऱ्याचं पाणी तीन हजारांवर वाफ्यांत खेळवलंय आणि ते वाफे गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे आहेत. इथलं प्रवेशशुल्क वेगळं, एकत्रित तिकिटात नाही. येताना टॅक्सी मिठागरांपाशीच सोडा. तिथून पायवाटेने तासाभरात नदीकाठी उतरता येतं. पूल ओलांडला की हमरस्ता, आणि ओयांताकडे जाणारी कॉम्बी हात दाखवला की थांबते.

दुसरी फेरी वरच्या अंगाची: पाताकांचा नदीच्या खोऱ्यात विल्योक आणि पाताकांचा ही केचुआ या मूळ रहिवाशांची, विणकरांची गावं. कॉम्बी मोजक्याच, सकाळी मंडईजवळ चौकशी करा. बायका कमरेला बांधलेल्या मागावर विणतात. लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनियाच्या किड्यापासून काढलेला असतो. फोटोआधी विचारा. कापड घ्यायचं तर फार घासाघीस करू नये, एका पट्ट्यामागे कित्येक दिवसांचं काम असतं.

ज्यांना चालायचंय त्यांनी टॅक्सीने पुमामार्काच्या अवशेषांपर्यंत वर जावं आणि जुन्या शेतपायऱ्यांमधून गावात चालत उतरावं. चढून जाण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

माचूपिचूची गाडी आणि परतीचा रस्ता

आगगाडी पेरूरेल किंवा इंकारेल यांपैकी एका कंपनीची. स्वस्त लोकल परदेशी पर्यटकांना मिळत नाही. पावणेदोन तासांत आग्वास कालिएंतेस, हे माचूपिचूच्या पायथ्याचं गाव. माचूपिचूचं प्रवेशतिकीट आणि गाडीचं तिकीट दोन्ही आधी काढा, जून ते ऑगस्टसाठी तर काही महिने आधी, आणि आधी प्रवेशतिकीट मगच गाडी. तिकिटावर वेळ आणि मार्ग ठरलेला असतो, तिथे जाऊन बदलत नाही. गाडीत मोठी बॅग चालत नाही. ती ओयांताच्या मुक्कामी ठेवून पाठीवरची छोटी पिशवी न्या.

पेंतेकोस्त या ख्रिस्ती सणाच्या आसपास, मे-जूनमध्ये, गावात चोकेकिल्काच्या ख्रिस्ताची जत्रा भरते. मुखवटे, नाच, बँड, चार-पाच दिवस झोप विसरा. बघण्यासारखी आहे, पण खोली फार आधी ठरवावी लागते.

‘पारो’ हा शब्द कानावर आला की सावध व्हा. संप किंवा रास्ता रोको असला की रस्ता आणि रूळ दोन्ही बंद होऊ शकतात. म्हणून माचूपिचूहून परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशीचं लिमाचं विमान ठेवू नये, मध्ये एक रात्र कुस्कोत असू द्यावी. कोलेक्तिवो पहाटेपासून चौकाजवळून सुटतात. आणि बॅग भरताना खिशात, कप्प्यांत कोकाची पानं किंवा चहाच्या पुड्या राहिल्या नाहीत ना, ते बघा. पेरूत त्या किराणा दुकानात मिळतात, भारतात आणि अमेरिकेत आणणं गुन्हा आहे.